विश्लेषण : मोलकरणीच्या हातून बशा फुटत राहिल्या अन् एका आजाराचं कोडं उलगडू लागलं, 'एमएस' ओळखणारे डॉ. शार्को कोण होते?

एक दिवस अचानक एका डोळ्यासमोर धुकं येतं. आठ-पंधरा दिवसांत ते निघून जातं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. काही महिन्यांनी एका पायाला मुंग्या येतात. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. पुन्हा थोडं बरं वाटतं. मग चहाचा कप उचलताना हात थरथरतो, जिना चढताना तोल जातो.

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पंचविशीतल्या सुनेला असं झालं, तर पहिला शब्द कानावर येतो तो 'अशक्तपणा'. मग कुणी 'वारं गेलं' म्हणतं, कुणी 'बाहेरचं' म्हणतं. लक्षणं येतात आणि जातात, त्यामुळे 'नाटक करते' हा शिक्का बसायलाही वेळ लागत नाही.

या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. २०२३च्या जागतिक आकडेवारीनुसार जगभरात सुमारे २९ लाख लोक या आजारासह जगत आहेत. तो नाटक नाही, बाधा नाही, मनाचा खेळही नाही, हे पुराव्यानिशी मांडण्याचं मोठं श्रेय जातं ते पॅरिसच्या जाँ-मार्टिन शार्को यांना. हा आजार शरीरात काय करतो, ते शार्को यांनी दाखवून दिलं. तो कशामुळे होतो, हे मात्र त्यांना सापडलं नाही. त्या उत्तरासाठी पुढं शंभराहून अधिक वर्षं लागली. त्यात एक धागा तर आपल्या ओळखीच्या 'पोटातल्या १४ इंजेक्शनां'मधून जातो.

एमएस म्हणजे नेमकं काय?

विहिरीवरच्या मोटरची केबल डोळ्यांसमोर आणा. आत तांब्याची तार आणि वर प्लास्टिकचं वेष्टन. उंदरानं ते वेष्टन कुरतडलं, तर तार शाबूत असूनही मोटर कधी चालते, कधी बंद पडते.

मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरही असंच वेष्टन असतं. त्याला मायलिन म्हणतात. ते मुख्यतः चरबीचं बनलेलं असतं. मायलिन असलेल्या जाड मज्जातंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरच्या आसपास वेगानं धावू शकतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत हाच वेग सेकंदाला साधारण एक मीटरवर येतो.

एमएसमध्ये हे वेष्टन जागोजागी झडतं आणि तिथं घट्ट व्रण तयार होतात. 'मल्टिपल' म्हणजे अनेक आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे घट्ट होणं. व्रण डोळ्याच्या नसेवर आला तर दृष्टी धूसर होते. कण्यात आला तर पाय बधिर होतात किंवा लघवीवरचा ताबा सुटतो. लहान मेंदूकडच्या भागात आला तर तोल जातो. म्हणूनच दोन रुग्णांची कहाणी कधी सारखी नसते. आजार ओळखणं अवघड जातं, तेही यामुळेच.

गाडी बनवणाऱ्याचा मुलगा

शार्को यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या बनवत. घर कष्टकरी, मुलं चार. सगळ्यांना शिकवण्याइतका पैसा नव्हता. त्यामुळे अभ्यासात जो सरस ठरेल त्यालाच पुढं शिकवायचं, असं वडिलांनी ठरवल्याचं सांगितलं जातं. एकाला शिकवायचं आणि बाकीच्यांना कामाला लावायचं, हा हिशेब मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या ओळखीचा आहे. निवड जाँ-मार्टिनची झाली.

मुलगा अबोल होता. चित्रं मात्र उत्तम काढायचा. तो चित्रकार होईल की डॉक्टर, असा प्रश्न होता. शेवटी त्यानं वैद्यकशास्त्र निवडलं. पण चित्रकाराची नजर आयुष्यभर कामाला आली. पुढं रुग्ण तपासताना ते बराच वेळ काही न बोलता नुसते बघत बसत. रुग्ण कसा उभा राहतो, पाऊल कसं टाकतो, हात कुठं थरथरतो, हे ते टिपत आणि अनेकदा कागदावर रेखाटतही.

१८५३ मध्ये त्यांनी गाऊट आणि जुनाट संधिवात हे वेगळे आजार आहेत, हे मांडणारा प्रबंध लिहिला. एकाच नावाखाली ढकललेले आजार एकमेकांपासून वेगळे काढायचे, ही पद्धत त्यांनी तिथूनच धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

पाच हजार बायकांचं रुग्णालय

१८६२ मध्ये शार्को पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात वरिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू झाले. ही जागा कधीकाळी बंदुकीच्या दारूचा कारखाना होती. पुढं तिथं गरीब, निराधार, वृद्ध, मनोरुग्ण आणि घरच्यांनी टाकलेल्या बायकांना ठेवलं जाऊ लागलं. शार्को आले तेव्हा तिथं सुमारे पाच हजार जणी राहत होत्या.

नाव कमावू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी ही जागा म्हणजे अडगळ होती. इथले आजार बरे होत नसत आणि रुग्ण श्रीमंतही नसत. शार्को यांना मात्र तिथं वेगळीच संधी दिसली. एकच रुग्ण वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहणार होता. त्याचा आजार कसा वाढतो ते पाहता येणार होतं. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून मेंदूत आणि कण्यात नेमकं काय बिघडलं होतं, तेही तपासता येणार होतं.

त्यांच्यासोबत आल्फ्रेड वुल्पियां हे सहकारी होते. दोघांनी एकेक वॉर्ड घेऊन रुग्ण तपासायला सुरुवात केली. प्रत्येकीची नोंद ठेवली. आजची भाषा वापरायची तर त्यांनी एक प्रचंड डेटाबेस उभा केला. जिवंतपणीची लक्षणं एका बाजूला आणि मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला बिघाड दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्ही जुळवायचं, हेच त्यांच्या संशोधनाचं सूत्र होतं.

फुटलेल्या बशांची गोष्ट

याच काळातली एक गोष्ट शार्को यांचे विद्यार्थी सिग्मंड फ्रॉइड यांनी गुरूंवरच्या मृत्युलेखात नोंदवून ठेवली आहे. पुढं मनोविश्लेषणासाठी जगप्रसिद्ध झालेले तेच हे फ्रॉइड.

शार्को यांना घरकामासाठी एक बाई मिळाली. तिच्या हातांना विचित्र कंप होता. त्या धांदरटपणामुळे तिला कुठं काम मिळत नव्हतं. तिच्या लक्षणांशी जुळणारं वर्णन ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी आधी केलेलं होतं, पण त्यामागचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. शार्को यांनी तिला कामावर ठेवून घेतलं.

तिच्या हातून बशा आणि ताटं फुटत राहिली. नुकसान वाढत गेलं, तरी तिला काढलं नाही. यात माणुसकी होती आणि संशोधकाचं कुतूहलही होतं. ती आधी माणूस होती की अभ्यासाचा विषय, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडणं साहजिक आहे. तिच्या मृत्यूनंतर शार्को यांनी शवविच्छेदन केलं. तिचा कंप हे मेंदू आणि कण्यात पसरलेल्या घट्ट चट्ट्यांचंच बाहेर दिसणारं रूप होतं, हे सिद्ध झालं.

हाताला वळण नसल्यामुळे त्या बशा फुटत नव्हत्या. हातापर्यंत जाणारा संदेश वाटेतच अडखळत होता.

१८६८ मध्ये काय घडलं?

मेंदूतले असे चट्टे शार्को यांच्या आधीही काहींनी पाहिले होते. ब्रिटनचे रॉबर्ट कार्सवेल आणि फ्रान्सचे जाँ क्रुवेये यांनी १८३०च्या दशकातच त्यांची चित्रं काढली होती. पण चट्टे एकीकडे होते आणि लक्षणं दुसरीकडे. दोन्ही जोडणारा पूल नव्हता.

शार्को यांनी १८६८ मध्ये व्याख्यानांतून आणि लेखांतून तो पूल बांधला. त्यांनी आजाराचं नाव वापरलं 'स्क्लेरोझ आँ प्लाक', म्हणजे चट्ट्यांचा कठीणपणा. चट्ट्याच्या जागी मायलिन नाहीसं झालेलं असतं, पण आतली तार बऱ्याच अंशी शिल्लक असते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लक्षणं येतात आणि जातात, याचं स्पष्टीकरण याच निरीक्षणात दडलेलं आहे. तार शाबूत असेल, तर संदेश पुन्हा सुरू होण्याची आशा उरते.

त्यांनी तीन ठळक लक्षणं एकत्र सांगितली. बुबुळं आपोआप हलणं, वस्तू उचलायला गेल्यावर हात थरथरणं आणि तुटक-तुटक बोलणं. वैद्यकीय विद्यार्थी आजही हे 'शार्को त्रिकूट' शिकतात. एमएसच्या प्रत्येक रुग्णात ती तिन्ही दिसतात असं मात्र नाही.

सगळ्यात मोलाचं काम म्हणजे कंपवात आणि एमएस यांची फारकत. तोवर थरथरणारे सगळे रुग्ण एकाच गटात मोजले जात. शार्को यांनी साधा फरक दाखवला. कंपवाताच्या रुग्णाचा हात मांडीवर निवांत ठेवलेला असतानाही थरथरतो. एमएसमध्ये पाण्याचा पेला उचलून तोंडाकडे नेताना कंप वाढत जातो. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांनाही हा फरक दिसावा म्हणून ते रुग्णांच्या डोक्यावर पिसांच्या टोप्या घालत. पिसं कशी हलतात, यावरून कंपाचा प्रकार कळायचा. कंपवाताला 'पार्किन्सन आजार' हे नाव रूढ करण्यातही त्यांचाच वाटा आहे.

१८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या आजारांचं स्वतंत्र अध्यासन निर्माण झालं. न्यूरॉलॉजी ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहिली, त्यातला हा मोठा टप्पा होता.

कारण मात्र हुकलं

आजार काय करतो, हे कळलं होतं. तो का होतो? इथं शार्को यांची गाडी अडली.

रुग्णांच्या आयुष्यात काय काय घडलं होतं, याची त्यांनी यादी केली. दीर्घकाळ थंडी आणि ओल सोसणं, मोठं दुःख, मानसिक धक्का आणि टायफॉइडसारखा आधी होऊन गेलेला संसर्ग. यातला शेवटचा मुद्दा त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी १८८४ मध्ये उचलून धरला. एमएसच्या मुळाशी संसर्गच आहे, असं ते मानत. एक दिवस लशीनं हा आजार रोखता येईल, अशी आशाही त्यांना होती.

उपचारांचीही तीच गत झाली. सोन्याचे आणि चांदीचे क्षार, जस्त, स्ट्रिकनिन असं तेव्हा उपलब्ध असलेलं बरंच काही वापरून पाहिलं गेलं. गुण आला नाही. शार्को यांनी ते लपवलं नाही.

'हिस्टेरिया'चा फेरा

१८७०च्या दशकापासून शार्को हिस्टेरियाकडे वळले. बेशुद्ध पडणं, हातपाय लुळे होणं, झटके येणं असे त्रास असूनही मेंदूत कोणताही बिघाड सापडत नव्हता, अशा रुग्ण बायका त्यांच्या अभ्यासाचा विषय बनल्या. ते भरलेल्या सभागृहात संमोहनाचे प्रयोग करत. डॉक्टरच नव्हे, तर लेखक, चित्रकार आणि पत्रकारही ते पाहायला येत. १८८७ मध्ये आंद्रे ब्रुये यांनी रंगवलेलं त्या सभागृहाचं चित्र आजही प्रसिद्ध आहे.

हिस्टेरिया पुरुषांनाही होतो, हे शार्को यांनी ठासून सांगितलं आणि जुना गैरसमज मोडला. पण त्या प्रयोगांत रुग्ण बायका डॉक्टरांना हवं तसंच वागत होत्या, अशी टीका त्यांच्या हयातीतच सुरू झाली. त्यांच्यामागं त्या सिद्धांताचा बराचसा डोलारा कोसळला.

यातला विरोधाभास मोठा आहे. ज्यांनी एमएसला ठोस शारीरिक आजार म्हणून उभं केलं, त्यांच्याच नावाशी जोडला गेलेला 'हिस्टेरिया' हा शब्द पुढं अनेक दशकं एमएसच्या स्त्री रुग्णांना चिकटवला गेला. तपासणीत चटकन काही सापडत नाही, रुग्ण तरुण बाई आहे, मग हे मनाचंच असणार, असा सरधोपट निष्कर्ष निघत राहिला.

या घोळावर उतारा शोधला तो शार्को यांच्याच शिष्यानं. जोझेफ बाबिन्स्की यांचा १८८५चा प्रबंध एमएसवरच होता. १८९६ मध्ये त्यांनी एक साधी चाचणी मांडली. तळपायाच्या कडेनं टोकदार वस्तू फिरवायची. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर गेला, तर मेंदू किंवा कण्यात खरा बिघाड आहे. तो अंगठा ठरवून तसा वर नेणं सोपं नसतं. या चाचणीला ना वीज लागते, ना महागडं यंत्र. ग्रामीण रुग्णालयातही ती मिनिटभरात होते.

शार्को यांना आयुष्याच्या शेवटी हृदयविकारानं गाठलं. फ्रान्सच्या मोर्वां भागात फिरायला गेलेले असताना १६ ऑगस्ट १८९३ रोजी, वयाच्या ६७व्या वर्षी त्यांचं निधन झालं. एमएसचं कारण तोवर सापडलेलं नव्हतं.

पोटातली १४ इंजेक्शनं आणि एमएस

इथून कारणाच्या शोधाचा एक धागा थेट आपल्याकडे येतो.

६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोझेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस द्यायला सुरुवात केली. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते. मुलाला तपासून लस देण्याचा सल्ला देणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी एक होते वुल्पियां, म्हणजे साल्पेत्रिएरमधले शार्को यांचे तेच सहकारी.

ही लस प्राण्याच्या मज्जासंस्थेच्या ऊतींपासून बनत असे. १९११ मध्ये डेव्हिड सेम्पल यांनी हिमाचलमधल्या कसौलीत तिची सुधारित आवृत्ती तयार केली. भारतात ती मेंढीच्या मेंदूपासून बनवली जाई. कुत्रा चावला की पोटात १४ इंजेक्शनं, ही जुन्या पिढीच्या मनातली धास्ती याच लशीची.

लशीनं असंख्य जीव वाचवले. पण काही जणांना इंजेक्शनांनंतर पाय लुळे पडणं, बधिरपणा, लघवी अडणं असे त्रास झाले. त्यांना रेबीज झालेला नव्हता. मग हे कशामुळे?

१९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात रेबीजचा विषाणू नव्हता. तरीही काही माकडांच्या मेंदूतलं मायलिन झडलं. अर्थ स्पष्ट होता. बाहेरून आलेल्या मेंदूच्या ऊतींविरुद्ध शरीराची रोगप्रतिकारशक्ती जागी झाली आणि तिनं आपल्याच मायलिनवरही हल्ला चढवला.

एमएसमध्येही असंच काही होत असेल का, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. घरचं राखण करायला ठेवलेल्या कुत्र्यानं घरच्याच माणसाला चावावं, तसा हा प्रकार. वैद्यकीय भाषेत त्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात.

महत्त्वाचं म्हणजे मेंदूच्या ऊतींपासून बनणाऱ्या लशीचं उत्पादन भारतात २००४च्या अखेरीस थांबवण्यात आलं. आजची रेबीज लस पेशी-संवर्धनातून तयार होते आणि ती दंडात किंवा त्वचेत देतात. तिच्यात मेंदूच्या ऊती नसतात. कुत्रा चावल्यावर ती घेण्यात अजिबात टाळाटाळ करू नये.

मग आज कारण काय सांगतात?

एकच कारण नाही. अनेक गोष्टी जुळून याव्या लागतात.

विषाणू : पिएर मारी यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या २० वर्षांच्या नोंदी त्यात वापरल्या होत्या. एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका तब्बल ३२ पट वाढल्याचं त्यात आढळलं. याच वर्षी 'नेचर'मधल्या संशोधनानं एक संभाव्य वाट दाखवली. या विषाणूचं एक प्रथिन मेंदूतल्या एका प्रथिनासारखं दिसतं. विषाणूला शोधणाऱ्या प्रतिपिंडांची त्यामुळे गफलत होऊ शकते.

पण जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच, तरीही एमएस फार थोड्यांना होतो. म्हणजे विषाणू ही काडी आहे, पण पेट घ्यायला कडबाही वाळलेला असावा लागतो.

जनुकं : २०१९च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एमएसशी संबंधित २०० हून अधिक जनुकीय बदल नोंदवले गेले. त्यातले बहुतेक रोगप्रतिकारशक्तीशी निगडित आहेत. तरीही हा सरळ वारशानं येणारा आजार नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारांत एक असते.

ऊन, धूर आणि वजन : विषुववृत्तापासून दूर, कमी उन्हाच्या देशांत एमएस जास्त आढळतो. ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आणि किशोरवयातला लठ्ठपणा यांचाही संबंध दिसून आला आहे. भारतीय उपखंडातून ब्रिटनला गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास १९९०च्या सुमारास झाला. तिथं जन्मलेल्या मुलांमध्ये एमएसचं प्रमाण त्यांच्या आईवडिलांच्या पिढीपेक्षा जास्त निघालं. जनुकं तीच, पण भोवताल बदलला.

लिंग : स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते.

महाराष्ट्रात काय दिसलं?

एमएस हा गोऱ्यांचा आजार, असा समज भारतात बराच काळ होता. मुंबईचे विख्यात न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया यांनी मुंबई-पुण्यातल्या पारशी समाजाचा अभ्यास करून त्याला धक्का दिला. १९८०च्या दशकातल्या अभ्यासांत पारशांमध्ये लाखामागे २० हून जास्त रुग्ण आढळले. इतर भारतीयांमध्ये तेव्हा मानल्या जाणाऱ्या प्रमाणाहून हे कितीतरी जास्त होतं. एकाच शहरात, एकाच उन्हात राहूनही समाजागणिक फरक दिसला. त्यामुळे जनुकांचा वाटा अधोरेखित झाला.

एमआरआय आल्यावर इतर समाजांतले रुग्णही समोर येऊ लागले. शार्को यांना जे चट्टे पाहण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे, ते जिवंतपणी पडद्यावर दिसू लागले. १९९३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूला १०० वर्षं झाली त्या वर्षी, एमएसचा मार्ग बदलणाऱ्या पहिल्या औषधाला, इंटरफेरॉन बीटाला, अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्यानंतर अनेक औषधं आली. आजार मुळापासून बरा होत नाही. पण लवकर उपचार सुरू केले, तर नवे झटके कमी होतात आणि अपंगत्व लांबवता येतं. उशीर झाला, तर वेष्टनासोबत आतली तारही झिजते. मग औषधाच्या हाती फारसं उरत नाही.

धाराशिवच्या वाचकांनी काय लक्षात ठेवावं?

* उन्हाळा : एमएसच्या रुग्णाचा त्रास उष्णतेनं तात्पुरता वाढतो. विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. एप्रिल-मेच्या उन्हात, तापात किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर नजर धूसर झाली किंवा पाय जड झाले, तर आधी अंग थंड करावं. गारव्यानं त्रास ओसरला, तर तो बहुधा नवा झटका नसतो.
* २४ तासांची खूण : ताप किंवा उन्हाचं कारण नसताना एका डोळ्याची नजर कमी होणं, हातापायाचा बधिरपणा किंवा तोल जाणं २४ तासांहून जास्त टिकलं, तर आपोआप बरं झालं तरी डॉक्टरांना दाखवावं. जुन्या झटक्यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. त्या निदानात फार कामी येतात.
* लकव्याशी गल्लत नको : तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा एक बाजू काही क्षणांत लुळी पडणं हा पक्षाघात असू शकतो. तिथं एक दिवसही थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावं.
* सारखे दिसणारे आजार : बी-१२ची कमतरता, कण्याचा क्षयरोग आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका यांची लक्षणं एमएससारखी दिसू शकतात. उपचार मात्र पूर्ण वेगळे आहेत. त्यामुळे एमआरआय आणि गरजेनुसार पाठीतल्या पाण्याची तपासणी होईपर्यंत स्वतःहून निष्कर्ष काढू नये.
* संसर्ग नाही : एमएस शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं किंवा संसारानं पसरत नाही. एमएस असलेल्या स्त्रिया आई होऊ शकतात. औषधांचं नियोजन आधी डॉक्टरांशी बोलून करावं.
* हक्क : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असल्यास प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाच्या आधारे सरकारी लाभ मिळू शकतात.

न्यूरॉलॉजिस्टसाठी उमरगा, परंडा किंवा कळंबमधल्या अनेक कुटुंबांना सोलापूर, लातूर नाहीतर पुण्याची वाट धरावी लागते. तो प्रवास खर्चाचा असतो, रोजगार बुडवणारा असतो. त्याआधीचा एक टप्पा मात्र घरातच पार पडतो. सुनेच्या, लेकीच्या किंवा बायकोच्या हातून कप पुन्हा पुन्हा निसटत असेल, तर तिला बोल लावायचा की दवाखान्यात न्यायचं, हे घरच्यांनाच ठरवायचं असतं. शार्को यांच्या घरी फुटलेल्या बशांमागं आजार होता, हे ती बाई गेल्यावर सिद्ध झालं. आज त्यासाठी कुणाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही.